मेजर निकमांचा सातवा परिच्छेद

ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगला मेजरकाकांच्या घरी खोली भाड्याने घेतली, तेव्हा पहिल्याच दिवशी माझं मत झालं की हा माणूस विक्षिप्त आहे. माझी बॅग चांगलीच जड होती. रस्त्यापासून दारापर्यंत हिरवळीवरून सरळ गेलं तर दहा-बारा पावलं. काकांनी बॅग उचलली आणि सिमेंटच्या वाटेने, पार गॅरेजला वळसा घालून नेली. मी मुकाट्याने मागे. म्हटलं, मिलिटरीतला माणूस, असेल काहीतरी शिस्त. मला शिस्तीचं कौतुक कधीच नव्हतं. माझे वडील सांगलीला हेडमास्तर होते, आमच्या घरात तास संपल्याची घंटा तेवढी वाजायची बाकी होती.

पण ती शिस्त नव्हती हे आठवड्याभरातच कळलं. काका गवतावर पायच ठेवत नसत. समोरच्या पार्कात लोक अनवाणी लोळायचे, पोरं क्रिकेट खेळायची, आणि हा सहा फुटी माणूस कडेच्या फूटपाथवरून चालायचा. घरापुढचं गवत कापायचं काम सुलभाकाकूंकडे. सगळ्या गल्लीत नवरे मशीन ढकलत आणि आमच्याकडे काकू, डोक्यावर हॅट घालून. महाराष्ट्र मंडळातल्या बायका चिडवायच्या, मेजरसाहेबांना ऑर्डर सोडायचीच सवय दिसते. काकू हसून सोडून द्यायच्या. त्यांची मुलगी ऋचा "डॅड इज वियर्ड" एवढंच म्हणायची आणि फोनमध्ये डोकं घालायची.

काका म्हणजे सुधाकर निकम. सैन्याच्या इंजिनिअर्समध्ये वीस वर्षं काढून, मेजर असताना नोकरी सोडली. काकू नर्स, त्यांच्या व्हिसावर सगळं घर इकडे आलं. इथे मेजरपदाला कोण विचारतो? काका शॉपिंग सेंटरमध्ये सिक्युरिटी गार्ड झाले. ट्रॉल्या पळवणाऱ्या पोरांना हटकायचं काम. आणि शेहेचाळिसाव्या वर्षी युनीत लॉला ॲडमिशन घेतली. का, असं विचारलं की म्हणायचे, "कागद कसा बनतो ते बघायचंय." मला वाटायचं, टोलवतायत.

त्या दोन-तीन वर्षांत आपली पोरं ऑस्ट्रेलियात लोंढ्याने येत होती. कुणी कुकिंग शिकायला, कुणी केस कापायला, कुणी माझ्यासारखं अकाउंटिंग. शिक्षण हे निमित्त, डोळा सगळ्यांचा पीआरवर, म्हणजे इथे कायमचं राहायच्या परवान्यावर. आणि तेव्हाच मेलबर्नमध्ये आपल्या मुलांना मारहाण झाल्याच्या बातम्या यायला लागल्या. तिथेच पॉइंट कुकला राहणारी माझी मावसबहीण रोज फोन करून बजावायची, ट्रेनमध्ये मोठ्याने मराठी बोलू नकोस, लॅपटॉप बाहेर काढू नकोस. मी मुळातच भित्री. संध्याकाळी शिफ्ट संपवून बसमधून उतरले की किल्ल्या मुठीत धरून जवळजवळ पळतच घर गाठायचे. काकांनी ते कसं ओळखलं कोण जाणे. दुसऱ्या आठवड्यापासून ते बसस्टॉपवर उभे असायचे, हातात लॉचं जाडजूड पुस्तक, जसे काही तिथे वाचायलाच आलेत. घरापर्यंत शब्द बोलायचे नाहीत. एकदा मी थँक्यू म्हटलं तर म्हणाले, "थँक्यू कसलं? मलाही एकट्याने चालायला आवडत नाही."

युनीत त्यांची फजिती व्हायची आणि ती ते स्वतःच जेवताना सांगायचे. पहिल्या ट्युटोरियलला शिक्षकाने प्रश्न विचारला. काका ताडकन उभे, हात बाजूला ताठ, "येस सर." शिक्षक अर्ध्या चड्डीत, काकांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. तो म्हणाला, बस रे मेट, मला नावानेच हाक मार. काका बसले. पण नावाने हाक काही तोंडातून निघेना, म्हणून सबंध सेमिस्टर त्याला कुठलीच हाक न मारता काढलं. वर्गातली विशीची पोरं त्यांच्यावर जीव टाकायची, कारण नोट्स फक्त त्यांच्याच पूर्ण असायच्या.

मूट मात्र त्यांना जमलं नाही. मूट म्हणजे खोटं खोटं कोर्ट, विद्यार्थ्यांनी वकील व्हायचं आणि समोर न्यायाधीश म्हणून बसलेल्या प्राध्यापकांनी आडवेतिडवे प्रश्न विचारायचे. काकांनी पंधरा दिवस तयारी केली, सगळं तोंडपाठ. उभे राहिले, दोन वाक्यं बोलले, आणि पहिला प्रश्न आला तसा आवाजच गेला. ओठ हलतायत आणि आवाज नाही. पाण्याचा ग्लास उचलला तर अर्धं पाणी टेबलावर. घरी आल्यावर ताटाकडे बघत म्हणाले, "गोळीबारात कधी माझा आवाज गेला नाही."

काकू वरण वाढता वाढता म्हणाल्या, "गोळीबारात कुणी प्रश्न विचारत नाही."

आम्ही हसलो. काका हसले नाहीत, हे मला बऱ्याच नंतर आठवलं.

कागदाच्या कामात मात्र त्यांचा हात कुणी धरला नसता. फी घेऊन प्रायव्हेट कॉलेजं बंद पडत होती, व्हिसा खात्याकडून पोरांना पत्रं येत होती, आणि ती पत्रं घेऊन पोरं शनिवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलाशी यायची. पंजाबची, आंध्रची, आपलीही. काका अजून वकील नव्हते, म्हणून पोरांना फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या लीगल सेंटरमध्ये पाठवण्याआधी फक्त पत्र नीट वाचून समजावून द्यायचे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "पहले सच बता, बाद में कागज़ देखेंगे." आणि खरं असायचं ते नेहमी एकच. एजंटच्या ऑफिसात कोऱ्या फॉर्मवर सही. एजंट ओळखीचा, गावाकडचा, त्याला अंकल नाहीतर पंजाबीत पाजी म्हणायचं, मग फॉर्म वाचायला मागणं म्हणजे त्याचा अपमान. मीही माझा फॉर्म तसाच सही करून दिला होता, नशीब की त्यात काही खोटं निघालं नाही.

एकदा जालंधरचा एक मुलगा आला. त्याच्या एजंटने परस्पर लिहून दिलं होतं की या मुलाने अमुक हॉटेलात इतके तास काम केलंय. त्याने ते हॉटेल पाहिलंही नव्हतं. खात्याला अजून काही कळलेलं नव्हतं. काकांनी त्याला सांगितलं, लीगल सेंटरमध्ये जा, त्यांच्या मदतीने आपण होऊन खरं लिहून टाक. ते पोर हात जोडून म्हणालं, "अंकल, आप मेरी जगह होते तो लिखते?"

काका उठले आणि स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी बघायला गेले, तर फ्रिजचं दार उघडून त्यापुढे नुसतेच उभे होते. काय हवंय म्हणून विचारलं तर म्हणाले, काही नाही. बाहेर येऊन त्या मुलाला म्हणाले, "अभी तक तो नहीं लिखा." त्याला काही कळलं नाही. मलाही नाही.

डिग्री झाली. आता वकिलीच्या सनदेसाठी अर्ज करायचा. इथे सनद देणाऱ्या मंडळाचा नियम असा की तुमच्या चारित्र्याबद्दल शंका येईल असं जे जे आयुष्यात घडलंय ते सगळं आपणच प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचं. विनातिकीट प्रवासाचा दंडसुद्धा. लपवलं आणि मागाहून कळलं, तर मूळ गुन्ह्यापेक्षा लपवण्याचा गुन्हा मोठा. आपल्या माणसाला हे पचत नाही. न पकडता आपण होऊन कोण सांगतं? महाराष्ट्र मंडळातले एक गृहस्थ तर म्हणाले होते की हा नियम साध्या लोकांना अडकवायला केलाय.

काकांनी त्यांचं प्रतिज्ञापत्र मला स्पेलिंग तपासायला दिलं. पहिले सहा परिच्छेद साधे. नाव, गाव, शिक्षण, नोकरी, एकदा चुकीच्या जागी गाडी लावल्याचा दंड. सातवा परिच्छेद मी वाचला, आणि परत पहिल्यापासून वाचला.

आठ वर्षांपूर्वी त्यांची तुकडी पश्चिम सीमेवर आपणच पेरलेले सुरुंग काढत होती. जेवढी जागा साफ झाली तिच्या कडेने पांढरी पट्टी लावायची, आणि पट्टीच्या आतूनच चालायचं. सुरुंग मोजून पेरलेले, मोजून काढायचे. त्या दिवशी जमिनीच्या एका पट्ट्यात एक सुरुंग कमी भरत होता. संध्याकाळ व्हायला आलेली, वरून घाई, काकांनी मानलं की मोजणी चुकली असेल आणि साफ झाल्याची सही केली. नाईक तानाजी शेळके पलीकडून सामान आणायला निघाला. त्याने विचारलं, साहेब, पट्टीने वळसा घालू का? काका म्हणाले, कशाला, गवतातून सरळ जा, ते क्लिअर आहे.

चौकशी झाली. वरच्या साहेबांनी सुचवलं की शेळके पट्टी सोडून आपणहून गेला असं म्हण, त्याला आता काय फरक पडणार. काकांनी तसा जबाब दिला. शेळक्याच्या नावापुढे शेरा बसला, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू. त्या शेऱ्यामुळे त्याच्या बायकोला ड्यूटीवर मेलेल्याची पेन्शन मिळाली नाही, साधी मिळाली.

खरं सांगते, मला शेळक्याबद्दल आधी वाईट वाटलं नाही. आधी भीती वाटली. हे कागद गेले की काकांची सनद गेली, सहा वर्षं रात्रपाळ्या करून शिकलेलं पाण्यात, तिकडे सैन्याला कळलं तर आणखी काय होईल ते वेगळंच. मी म्हटलं, काका, इथून तिकडे कोण बघायला जाणारे? फाइल कुठल्या तरी कपाटात पडली असेल. काढून टाका हा परिच्छेद, नंबर मी नीट करून देते.

"बेटा, न विचारता सांगतोय असं नाहीये. छापलंय इथे. विचारलंय त्यांनी."

"विचारलं म्हणून काय झालं?"

"मला आयुष्यात दुसऱ्यांदा विचारलंय," ते म्हणाले.

काकूंना अपघात माहीत होता, जबाब माहीत नव्हता. त्यांनी डायनिंग टेबलाशी उभ्याउभ्याच वाचलं, कागद खाली ठेवला, आणि भर दुपारी गवताचं मशीन बाहेर काढलं. गवत चार दिवसांपूर्वीच कापलेलं होतं. तासभर त्या तेच तेच गवत कापत राहिल्या. त्यानंतर आठवडाभर त्या काकांशी बोलल्या नाहीत. आठव्या दिवशी एवढंच विचारलं की शेळक्याच्या बायकोला किती मुलं होती. काका म्हणाले, एक मुलगा, तेव्हा सात वर्षांचा.

अर्ज गेला, सातव्या परिच्छेदासकट. मग वाट बघणं सुरू झालं. पोस्टमन मोटरसायकलवरून यायचा, साधारण अकराला. साडेदहापासून काका पडद्याआड. मोटरसायकलचा आवाज ऐकू आला की मानेवरची शीर उडायची, ते मला स्वयंपाकघरातून दिसायचं. बिलं यायची, जाहिराती यायच्या. टपालाची पेटी उघडायला ते ऋचाला पाठवायचे. जेवण कमी झालं. सुरुंग काढणारा माणूस कागदाच्या पाकिटाला इतका घाबरतो हे बघून मलाच घाबरल्यासारखं व्हायचं.

सहा आठवड्यांनी पत्र आलं. आम्हाला वाटलं होतं एकतर हो येईल, नाहीतर नाही. दोन्ही नव्हतं. सनद देणाऱ्या मंडळाने फक्त एक गोष्ट विचारली होती. या परिच्छेदात लिहिलेली हकिकत मृत सैनिकाच्या कुटुंबाला कळवली आहे काय?

काकांनी पत्राची घडी घालून ते पाकिटात परत ठेवलं. त्यांनी मंडळाला सांगितलं होतं, बायकोला सांगितलं होतं, मलासुद्धा सांगितलं होतं. ज्या बाईला सांगायचं, तिला सांगायचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. की आलं होतं आणि त्यांनी ते पुढे येऊ दिलं नव्हतं, ते त्यांनाच ठाऊक.

एका जुन्या सुभेदाराकडून तिचा नंबर मिळाला, सातारा जिल्ह्यातल्या एका गावातला. शनिवारी दुपारी चारला, म्हणजे तिकडे साडेअकरा, फोन करायचं ठरलं. काकांच्या बोटांना फोनकार्डावरचे आकडे दाबता येईनात. तीनदा चुकले. शेवटी काकूंनी नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकून मध्ये ठेवला. मी उठून जायला लागले तर काका म्हणाले, "बस. मी अर्धवट सोडलं तर तू सांग मला."

मंगलताई शेळके फोनवर आल्या. काकांनी नाव सांगितलं. त्या लगेच म्हणाल्या, "साहेब? कुठनं बोलताय? बरं हाय का?" त्या मायेने काका पारच खचले. तरी त्यांनी सांगितलं. आवाज कापत होता, मध्येच बसत होता, पण सगळं सांगितलं, मोजणी, सही, ते क्लिअर आहे म्हटलेलं, आणि चौकशीतलं खोटं. संपल्यावर पलीकडून कोंबड्यांचा आवाज तेवढा येत होता. मला वाटलं त्या फोन ठेवतील, ठेवाव्यात असंही वाटलं.

मग त्या म्हणाल्या, "म्या पोराला आठ वरीस सांगत आले, तुझा बा चुकला. बेफिकीर ऱ्हायला, म्हनून गेला. तू तसा होऊ नगं. रोज सांगत आले, साहेब."

काकांनी तोंडावर हात धरला.

"रडू नगा," त्या म्हणाल्या. आवाजात राग होता, अगदी स्वच्छ राग. "रडून माझं काय व्हतंय? हे कागदावर लिवून द्याल का? आन् कोर्टात येऊन बोलाल का? माझ्या पोराम्होरं?"

काका हो म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी कोरा कागद पुढे ओढला आणि वर तारीख घातली.

पुढचं सरळ सांगून टाकते. काकांनी मराठीत आणि इंग्रजीत प्रतिज्ञापत्र केलं, सिडनीच्या भारतीय वकिलातीत जाऊन त्यावर शिक्के घेतले आणि पाठवलं. मंगलताईंनी तो शेरा काढायला दावा लावला. मंडळाने कळवलं की सनद द्यायला हरकत नाही, तारीखही दिली. आणि त्याच आठवड्यात तिकडून साक्षीचं बोलावणं आलं. काकांनी मंडळाला कळवून सनदेची तारीख पुढे ढकलली. काकू म्हणाल्या, आधी सनद घ्या हातात, मग जा, तिकडे काय विचारतील आणि त्याचं इथे काय होईल कोण सांगणार. पहिल्यांदाच त्या घाबरलेल्या दिसल्या. काका म्हणाले, ती बाई आठ वर्षं थांबलीय, सनद एक महिना थांबेल.

शेरा निघाला. त्याला अजून दोन वर्षं लागली. सनदही मिळाली, काका आज पोरांच्या व्हिसाची कामं करतात, आणि कोर्टात अजूनही त्यांचा ग्लास हिंदकळतो असं काकू सांगतात. पण हे सगळं मागाहूनचं. काका साक्षीला निघाले त्या दिवशी यातलं काहीच माहीत नव्हतं.

त्या दिवशी काकूंची ड्यूटी होती म्हणून एअरपोर्टला मी घेऊन गेले. सबंध रस्ता काका खिडकीबाहेर बघत होते. सिडनीत शिरताना म्हणाले की मुलगा येणार आहे सुनावणीला, आता पंधराचा झाला असेल, त्याच्याकडे बघायचं की न्यायाधीशाकडे, तेच कळत नाहीये. बोर्डिंग पास झाला, बॅग गेली, आत जायच्या दाराशी आम्ही उभे राहिलो. आणि माझ्याच्याने राहवलं नाही. इतके दिवस ओठांवर येऊन अडलेलं मी विचारून टाकलं.

"काका, आठ वर्षं गप्प का बसलात?"

ते सावरून उभे राहिले. म्हणाले, तेव्हाची परिस्थिती अशी होती की वरून सूचना होत्या, आणि युनिटचं मनोधैर्य. तिथे थांबले. मान हलवली. परत सुरुवात केली, ऋचा लहान होती, बढतीचा प्रश्न होता. परत थांबले.

"नाही," ते म्हणाले. "हे त्या पोरापुढे बोलता येणार नाही."

मागे एक कुटुंब ट्रॉली घेऊन वाट बघत होतं. काकांनी त्यांना पुढे जाऊ दिलं. मग माझ्याकडे बघून, हळू आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "मी घाबरलो होतो."

मी मान डोलावली. त्यांनी विचारलं, "एवढंच पुरेल?"

मला माहीत नव्हतं. मी पुरेल म्हटलं. त्यांनी पासपोर्ट पुढे केला आणि आत गेले. काचेपलीकडे ते तपासणीच्या रांगेत उभे होते, बेल्ट काढून हातात धरलेला, आणि त्यांचे ओठ हलत होते.